सेकंदाला सहा टाके

बारकूचं वय एकसष्ट आणि उंची सहा फूट एक इंच. तरी तो बारकूच. चार भावंडांत शेवटचा म्हणून लहानपणी पडलेलं नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. त्याच्या सलूनमध्ये येणारी त्याच्या निम्म्या वयाची गिऱ्हाइकंसुद्धा त्याला बारकूशेठ म्हणत. सलूनच्या वरच्या मजल्यावर त्याची थोरली बहीण राहायची, तिला सगळे ताई म्हणत. कपड्यांच्या कारखान्यात एकेचाळीस वर्षं तिने शिवणयंत्रं दुरुस्त केली होती. यंत्र बिघडलं की ती स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला लावायची, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायची. मग म्हणायची, "डावीकडचं बेअरिंग." आणि ते डावीकडचंच निघायचं.

दोन वर्षांपूर्वी बारकूचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कपबशी वाजायची, म्हणून त्याने बशी सोडली. मग कप हिंदकळायचा, म्हणून अर्धाच भरून घ्यायला लागला. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, की हा नुसता थरथरीचा आजार आहे, जिवाला धोका नाही, गोळ्यांनी थोडा फरक पडेल. फरक थोडाच पडला. कात्रीने केस कापणं जमत होतं, कारण कात्री कंगव्यावर टेकवता येते. पण वस्तरा टेकवायचा तो थेट माणसाच्या गळ्यावर. बारकूने स्वतःहूनच वस्तरा धुऊन, पुसून, तेल लावून खणात ठेवला आणि दाढी करणं बंद केलं.

गिऱ्हाइकांनी कुरकुर न करता आपापली सोय पाहिली. एकट्या जजसाहेबांनी पाहिली नाही.

जजसाहेब निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. तेहतीस वर्षं त्यांची दाढी फक्त बारकूने केली होती. दुसऱ्याकडे जायला त्यांनी साफ नकार दिला. आपला गळा आपण एकदाच एका माणसाच्या हवाली केला आहे, आता या वयात तो फिरवत बसणार नाही, असं त्यांचं म्हणणं. घरी स्वतः करायची तर तेही तत्त्वात बसेना. त्यामुळे दाढी वाढत गेली. दीड वर्षात ती छातीवर आली. ती रुबाबदार असती तर गोष्ट वेगळी, पण ती डावीकडे दाट आणि उजवीकडे विरळ, अशी एका अंगाला कललेली होती. चष्म्याची दोरी तिच्यात अडकायची. सूप प्यायल्यावर पुढचा तासभर तिचा वास यायचा. एकदा त्यांच्या कानातल्या यंत्राचा सेल हरवला, तो दोन दिवसांनी दाढीत सापडला.

शेवटी जजीणबाई जिना चढून ताईकडे आल्या. त्यांनी रडगाणं गायलं नाही, सरळ मुद्द्यालाच हात घातला. नवरा ऐकत नाही आणि बारकूशेठचा हात ऐकत नाही. या दोघांपैकी एकाची दुरुस्ती झाली पाहिजे, आणि नवऱ्याची त्या अठ्ठेचाळीस वर्षं करून थकल्या आहेत, तेव्हा आता हाताचं बघावं.

ताई त्याच दुपारी खाली आली. बारकू खुर्चीत बसून पेपर वाचत होता, म्हणजे पेपर थरथरत होता आणि बारकू त्याच्या मागे मान हलवत होता. तिने पेपर काढून घेतला, त्याचा हात खुर्चीच्या हातावर ठेवला, मनगटाला स्क्रूड्रायव्हर लावला आणि डोळे मिटले.

"काय ऐकू येतंय?" बारकूने विचारलं.

"गप्प बस. बोललास की आवाज बदलतो."

ऐकून तिचं समाधान झालं नाही. तिने वरून हिशोबयंत्राच्या कागदाची एक गुंडाळी आणली, बारकूच्या बोटांत पेन्सिल दिली आणि ती कागदावर धरून ठेवायला सांगितली. मग एका हातात घड्याळ धरून दुसऱ्या हाताने कागद एकसारखा ओढत गेली. कागदावर नागमोडी रेघ उमटली. दहा सेकंदांची शिखरं तिने दोनदा मोजली.

"सेकंदाला सहा," ती म्हणाली. "हा झिगझॅगचा टाका आहे. अगदी एकसारखा. आमच्या कारखान्यातल्या निम्म्या यंत्रांना असा जमत नव्हता."

बारकूला वाटलं, आपलं कौतुक चाललं आहे. पण ताईच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली होती. जे इतकं एकसारखं हलतं ते थांबवता येतं, असा तिचा हिशोब होता.

पहिला उपाय वजनाचा. तिने शिवणयंत्राची साठ लोखंडी बॉबिनं एका पट्ट्यात शिवली आणि तो पट्टा बारकूच्या मनगटाला बांधला. चाचणीसाठी फुगे आणले. बारकू शिकाऊ असताना याच पद्धतीने दाढी शिकला होता. फुगा फुगवायचा, त्याला साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो फेस काढायचा. फुगा वाचला तर गिऱ्हाईक वाचतं. ताईने प्रत्येक फुग्यावर डोळे, नाक, मिशा काढल्या. बारकू म्हणाला, की नुसता फुगा चालेल. ती म्हणाली की नुसत्या फुग्यावर हात निष्काळजी होतो.

पट्ट्याने थरथर थोडी कमी झाली हे खरं. पण दुसऱ्या फुग्यापर्यंत हाताला मुंग्या आल्या आणि तिसऱ्या फुग्यावर हात वस्तऱ्यासकट खाली आला. शेजारच्या चष्म्याच्या दुकानातली बाई काय फुटलं ते बघायला धावत आली. तिला मिशा असलेला एक चिंधीसारखा फुगा जमिनीवर दिसला, आणि ती काही न विचारता परत गेली. आठवड्याभरात थरथर होती तिथेच राहिली, फक्त बारकूचा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड झाला.

दुसरा उपाय भोवऱ्याचा. जोरात फिरणारा भोवरा सहजासहजी कलत नाही, हे ताईला ठाऊक होतं. मग हातावरच भोवरा बसवला तर हातही कलणार नाही. तिने सलूनमधलं केस वाळवायचं जुनं यंत्र खोललं, त्याची मोटर काढली, तिच्यावर पितळेची जाड चकती बसवली आणि सगळं सायकलवाल्यांच्या हातमोज्यावर पक्कं केलं. सुरू केल्यावर विमान उडाल्यासारखा आवाज आला. पण हात स्थिर राहिला. बारकूच्या चेहऱ्यावर हसू आलं. त्याने आनंदाने हात डावीकडे वळवला, आणि हात वर गेला.

तो पुन्हा डावीकडे वळवायला गेला, हात पुन्हा वर. वर उचलायला गेला, तर हात उजवीकडे. भोवरा कलायला तयार नव्हता, पण जबरदस्ती केली की तो भलतीकडेच निघायचा, आणि त्याच्याबरोबर बारकूही. ताईने टेबलावर सुपाची वाटी ठेवली आणि चमच्याने पिऊन दाखव म्हणाली. चमचा वाटीतून नीट निघाला, अर्ध्या वाटेत विचार बदलल्यासारखा वळला आणि ताईच्या खांद्यावरून मागे गेला. दुसरा चमचा बारकूच्या कानात गेला. फुग्यांच्या चाचणीत त्याने आरशाची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची दाढी केली. फुगा मात्र त्या दिवशी एकही फुटला नाही, कारण हात फुग्यापर्यंत पोहोचलाच नाही.

"तुला वाटत असेल मी हात टेकले," ताई केसांतलं सूप पुसत म्हणाली.

बारकूला तसं वाटत नव्हतं. तिने हात टेकावेत असं मात्र त्याला मनापासून वाटत होतं. पण थोरल्या बहिणीला हे कोण सांगणार?

तिसरा उपाय तिला सलूनच्या दारात सुचला. दाराला वर एक तेलाचा दांडा होता, त्यामुळे दार कितीही जोरात ढकललं तरी ते सावकाश, शहाण्यासारखं बंद व्हायचं. ताईने शिडी लावली, दांडा काढला आणि बारकूच्या दंडापासून मनगटापर्यंत पट्ट्यांनी बांधला. थरथर जवळजवळ नाहीशी झाली. अडचण एवढीच होती, की हात आता दारासारखा वागायला लागला. उघडायला जोर लावावा लागायचा, आणि सोडला की तो सावकाश, आपल्या मर्जीने, कोपरात मिटायचा. खिडकीतून टपालवाली बाई जाताना दिसली म्हणून बारकूने तिला हात केला. हात वर गेला आणि मग हळूहळू, मोठ्या गांभीर्याने, छातीवर येऊन थांबला. टपालवाली चपापली. तिनेही सायकलवरून उतरून छातीवर हात ठेवला, मान लववली आणि पुढे गेली. तेव्हापासून ती त्याच्याशी फार आदराने वागायला लागली. इकडे दांडा गेल्यामुळे सलूनचं दार दिवसभर धाडधाड आपटत होतं, आणि दर आपटण्याला खुर्चीतलं गिऱ्हाईक दचकत होतं. तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा कल्ला त्यात बळी पडला. त्या संध्याकाळी बारकूने आयुष्यात पहिल्यांदा ताईवर आवाज चढवला.

तो म्हणाला, की मला माणूस म्हणून राहू दे. आज दार झालो, उद्या काय होईन सांगता येत नाही. हात थरथरतो तर थरथरू दे, जगात कितीतरी गोष्टी थरथरतात. आणि जजसाहेबांची दाढी ही जजसाहेबांच्या घरची बाब आहे.

ताई उठली. शिडी लावली, दांडा दाराला परत बसवला, दोनदा दार उघडून बंद करून पाहिलं आणि वर गेली. चार दिवस ती खाली आली नाही. बारकूला आधी बरं वाटलं, मग चुकल्यासारखं झालं, आणि पाचव्या दिवशी तोच जिना चढून वर गेला.

ताई जेवणाच्या टेबलावर हत्यारं मांडून बसली होती. तो आलेला पाहून तिने नुसती खुर्ची पुढे सरकवली. मग तिने त्याला एक जुनी हकीकत सांगितली. कारखान्यात एक बटणं लावायचं यंत्र होतं. ते सुरू झालं की त्याचं टेबल इतकं हादरायचं की बटणं उड्या मारत खाली पडायची. टेबल जड केलं, पाय जमिनीत पुरले, काही उपयोग झाला नाही. शेवटी एका म्हाताऱ्या फिटरने टेबलाखाली स्प्रिंगवर एक लोखंडी ठोकळा टांगला आणि स्प्रिंगचा ताण कमीजास्त करत बसला. एका ठरावीक ताणाला गंमत झाली. ठोकळा वेड्यासारखा हलायला लागला आणि टेबल थांबलं.

"मी तुझा हात दाबून धरायला बघत होते," ती म्हणाली. "ते चुकलं. हलायचं ते हलणारच. फक्त हाताच्या ऐवजी दुसऱ्या कुणीतरी हलायला पाहिजे."

हे वाक्य बारकूला नीट कळलं नाही, पण पटलं. त्याने हात पुढे केला.

नवीन यंत्र साबणाच्या वडीएवढं होतं. पत्र्याची डबी, आत दोन स्प्रिंगांच्या मध्ये एक पोलादी तुकडा, सभोवती घट्ट ग्रीस, आणि बाजूला ताण बदलायचा एक स्क्रू. डबी हातमोज्याच्या पाठीवर शिवलेली होती. ताईने स्क्रूड्रायव्हर आधी डबीला आणि मग कानाला लावला, दुसऱ्या स्क्रूड्रायव्हरने ताण पाव फेरा वाढवला, ऐकलं, पाव फेरा कमी केला, ऐकलं. असं ती दीड तास करत होती. बारकूला डुलकी लागली. जाग आली तेव्हा ताई त्याच्या बोटांत पेन्सिल सरकवत होती आणि डबीतून मांजर घुरघुरल्यासारखा आवाज येत होता.

कागद ओढला. रेघ अगदी सरळ आली नाही. पण झिगझॅगही नव्हती. हलकीशी लाट होती, शांत पाण्यावर असते तशी.

बारकू बराच वेळ कागदाकडे बघत बसला. मग त्याने हात शर्टाच्या गळ्याशी नेला आणि सगळ्यात वरचं बटण लावलं. ते बटण वर्षभर उघडंच होतं. लावलं, काढलं, पुन्हा लावलं. ताई उठून चहा करायला गेली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ आत राहिली.

नव्या यंत्रावर पहिले दोन फुगे फुटले. त्यानंतरचे अकरा ओळीने वाचले. अकराव्या फुग्यावर ताईने मुद्दाम जजसाहेबांसारखी कलती दाढी काढली होती. त्याला बारकूने इतकं जपून हाताळलं की फेस काढून झाल्यावर चुकून त्याला अत्तर लावलं.

दुसऱ्याच सकाळी जजसाहेब आले. मागे जजीणबाई, हातात पिशवी. जुनी दाढी घरी न्यायची आहे का, असं ताईने विचारलं. पिशवीत औषधं आणि कापूस आहे, असं जजीणबाईंनी सांगितलं.

आधी कात्रीने मोठी दाढी उतरवली. तिच्यातून एक दात कोरायची काडी आणि पेन्सिलीचा तुकडा निघाला. जजसाहेब पेन्सिल पाहून म्हणाले, की ही आपण सगळीकडे शोधत होतो. मग फेस लागला, खुर्ची मागे कलली, बारकूने हातमोजा चढवला आणि वस्तरा उघडला. डबी घुरघुरायला लागली. वस्तरा गालापाशी आला आणि थांबला.

"साहेब, हलू नका," बारकू म्हणाला.

"मी हलत नाहीये. तू हलतोयस."

"माझा हात बघा."

जजसाहेबांनी तिरक्या नजरेने हात पाहिला. हात खांबासारखा होता. मग त्यांनी आरशात पाहिलं. त्यांची हनुवटी फेसासकट लटलटत होती. ताई पुढे झाली, तिने स्क्रूड्रायव्हर जजसाहेबांच्या हनुवटीला लावला आणि डोळे मिटले.

"सेकंदाला आठ," ती म्हणाली. "पण एकसारखे नाहीत. ही नुसती भीती आहे."

जजसाहेबांना हा अपमान वाटला. त्यांनी खुर्ची सरळ करायला लावली आणि फेस लावलेल्या तोंडानेच उलटतपासणी सुरू केली. आतापर्यंत एकूण किती फुगे फुटले, असं त्यांनी ताईला विचारलं. ताई खोटं बोलणारी नव्हती. एकतीस, तिने सांगितलं. पण त्यातले या यंत्रावर फक्त दोन.

"आणि त्या दोघांचं काय झालं?"

"साहेब, ते फुगे होते."

जजसाहेबांनी यावर बराच विचार केला. मग बारकूकडे पाहिलं. बारकूने वस्तरा मिटला होता आणि तो मान खाली घालून उभा होता. हातमोज्यातली डबी एकटीच घुरघुरत होती. काय वाटलं कोण जाणे, जजसाहेबांनी मान परत मागे टेकली आणि म्हणाले, "चालू द्या."

तरी हनुवटी काही ऐकेना. तेव्हा बारकूने, कुणी न सांगता, जुनीच गोष्ट केली. त्याने टॉवेल गरम पाण्यात बुडवला, पिळला आणि साहेबांच्या तोंडावर ठेवून दोन्ही तळव्यांनी हलकेच दाबला. मग रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलायला लागला. कोणता खड्डा कधी बुजवला, तो परत कधी उघडला, दुसऱ्यापेक्षा खोल कसा आहे, असं एका सुरात. तेहतीस वर्षं तो दाढी करताना हेच बोलत आला होता. चौथ्या खड्ड्याला टॉवेलखालून घोरण्याचा आवाज आला. टॉवेल काढला, तर हनुवटी शांत.

बारकूने पुन्हा फेस लावला आणि उजवा गाल केला. वस्तऱ्याचा तो करकर आवाज सलूनमध्ये दीड वर्षाने ऐकू आला. जजीणबाईंनी कापसाची पुडी दोन्ही हातांत घट्ट धरली होती. उजवा गाल झाला, उजवा जबडा झाला, अर्धी हनुवटी झाली. मग बारकू थांबला. डबी जड होती आणि हात भरून आला होता. आणखी एक गाल कसाबसा ओढता आला असता, पण कसाबसा हा शब्द त्याला गळ्याजवळ नको होता. त्याने वस्तरा मिटला.

जजसाहेब जागे झाले. "झालं?"

"अर्धी झाली, साहेब. हात थकला. आज याच्यापुढे मी करणार नाही."

जजीणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. ताईने कात्रीने दुसरी बाजू तरी बारीक करू का, असं विचारलं. जजसाहेबांनी आरशात आधी उजवीकडून पाहिलं, मग डावीकडून, मग समोरून. गुळगुळीत गालावरून बोटं फिरवली. एकही ओरखडा नव्हता.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पुढची तारीख उद्याची."

आणि ते तसेच उठले. जजीणबाईंनी मफलर पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. अर्ध्या दाढीनिशी ते भर बाजारातून, दोन्ही बाजूंना मान लववत, चालत घरी गेले. रस्त्याच्या एका कडेच्या लोकांना ते ताजेतवाने दिसले आणि दुसऱ्या कडेच्या लोकांना गोसावी. फळवालीने न राहवून विचारलंच. प्रकरण अंशतः निकाली निघालं आहे, असं त्यांनी तिला सांगितलं. जजीणबाई दहा पावलं मागून, तोंडाला पदर लावून, खांदे हलवत येत होत्या. त्या रडत आहेत असं सगळ्यांना वाटलं. त्या हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी डावी बाजू झाली. कानाखाली एक बारीकशी चीर पडली, त्यावर जजीणबाईंचा कापूस शेवटी कामी आला. जजसाहेबांनी तो कापूस दोन दिवस काढला नाही. पुढे तीच पद्धत पडली. एक गाल सोमवारी, एक मंगळवारी. डबी थोडी हलकी करता येईल, मग एका दिवसात काम होईल, असं ताईने सुचवलं. पण जजसाहेबांनीच घाई नको म्हणून सांगितलं. एका दाढीत त्यांना दोनदा झोप मिळत होती.

बारकूच्या हाताची थरथर गेली नाही. हातमोजा काढला की ती पहिल्यासारखीच यायची, आणि वस्तरा त्याने जजसाहेबांखेरीज दुसऱ्या कुणाला लावला नाही. बाकीच्यांनी मागितलाही नाही.

एका रविवारी सलून बंद असताना ताई खाली आली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. इतक्या वर्षांत तिने एकदाही त्याच्याकडून केस कापून घेतले नव्हते. घरातल्या घरात बरं दिसत नाही, असं काहीतरी ती म्हणत असे. आज ती आरशाकडे बघत म्हणाली, की मानेपर्यंत काप, काम करताना डोळ्यांत येतात.

बारकूने अंगावर कापड घातलं आणि हातमोजा चढवायला गेला. ताई नको म्हणाली. कात्रीला काय करायचाय? तसाच काप.

त्याने तसेच कापले. कात्री कंगव्यावर टकटक वाजत होती, आणि ताई डोळे मिटून ऐकत होती. झाल्यावर तिने खिशातून स्टीलची पट्टी काढली, आरशासमोर उभं राहून आधी डावीकडचे केस मोजले, मग उजवीकडचे.

"चार मिलिमीटरचा फरक आहे," ती म्हणाली.

"परत बस. सारखे करतो."

ताईने पट्टी पुसून खिशात ठेवली. "राहू दे," ती म्हणाली. "चार चालतात."